घाटात गाडी थांबत नसते

आमच्या बाल्कनीत सध्या एक व्यायामाची सायकल उभी आहे. तिच्या हँडलवर आमच्या ह्यांचा टॉवेल, सीटवर धुतलेले मोजे आणि एका पेडलला कांद्याची पिशवी. घरोघरच्या व्यायामाच्या सायकलींचं शेवटी जे होतं तेच हिचंही झालं, त्यात नवल काही नाही. पण ही सायकल झरेकरकाकांची आहे, आणि तिच्यावर मोजे वाळत घालताना मला अजूनही थोडी भीती वाटते. कारण पलीकडच्या घरात असताना हिनं निम्मा नगर जिल्हा पालथा घातलाय, आणि तोही जागचं न हलता.

भिंगारला आमची आणि झरेकरांची घरं एका भिंतीची. काका-काकू लेकीकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा सायकल आमच्याकडे देऊन गेले. "बाई, चालवत जा. ऑइलिंग केलेली हाय," काका म्हणाले. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणायचे. मी हो म्हटलं. दोन दिवस चालवलीसुद्धा. मग शाळेत परीक्षा आल्या, आणि मग मोजे आले.

काका एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून कुठली गाडी कधी सुटली, कधी आली याची नोंद करायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. काकांनी ते इतक्या मनापासून केलं की रिटायर झाल्यावर खिडकी तेवढी मागे राहिली, बाकी सगळं त्यांच्याबरोबर घरी आलं. बुटका, गोल माणूस. घरातसुद्धा खाकी पँट, शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी शिट्टी. लग्नाला गेले की मांडवात भटजींच्या शेजारी घड्याळ धरून उभे. मुहूर्त टळला की नवरीच्या बापापेक्षा यांचाच जीव वरखाली. आमच्या गल्लीतल्या गणपतीची आरती एकदा उशिरा सुरू झाली तर ते मंडळाच्या पोरांना म्हणाले, "गणपतीला तुमी असं ताटकळत ठेवता, मग पॅसेंजरची काय कथा?" पोरांनी दुसऱ्या दिवशी घाबरून आरती वेळेआधीच उरकली. त्यावरही काका चिडले. वेळेआधी गाडी सोडणं हा त्यांच्या मते जास्त मोठा गुन्हा होता.

सिंधूकाकू मात्र एकदम उलट. वेळेचा आणि त्यांचा काही संबंध नाही. "जेवण कधी?" असं काकांनी विचारलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "लागलंय गाडीला इंजिन. सुटंल तवा सुटंल."

सायकल आली ती काकांची शुगर वाढली म्हणून. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, आणि वैशालीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, पुण्याहून सायकल पाठवून दिली. खोक्यातून निघालेली ती सायकल बघून काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ही जाती कुठं?"

"कुठं नाही हो काका," मी म्हटलं, "जागच्या जागीच चालवायची."

"जी गाडी कुठं जातच न्हाई, तिची ट्रिप कशी धरायची?"

या मुद्द्यावर सायकल आठ-दहा दिवस तशीच पडून राहिली. वैशालीनं फोनमध्ये काहीतरी टाकून दिलं, म्हणजे सायकल मारताना समोर परदेशातले डोंगर, तळी, गाई दिसाव्यात. काकांनी थोडा वेळ बघितलं आणि फोन परत दिला. "ह्या रूटला माझी ड्युटी न्हाई."

मग एक दिवस सकाळी भिंतीपलीकडून शिट्टी वाजली आणि घर्र घर्र सुरू झालं. मी गॅलरीत आले तर झरेकरांच्या फाटकाशेजारी काळा फळा टांगलेला. वर खडूनं रेघा मारून रकाने पाडलेले. कोठून, कोठे, आता कोठे आणि शेरा. पहिल्या दिवशी लिहिलं होतं: भिंगार ते मिरजगाव, आणि शेऱ्यात, 'वेळेवर'.

तर अशी काकांची व्यायामाची पद्धत. सायकलच्या मीटरवर जेवढे किलोमीटर पडतील तेवढा रस्ता खरा धरायचा. आज जिथं गाडी पोचली तिथं मुक्काम, उद्या तिथूनच पुढं. मिरजगाव हे त्यांचं जन्मगाव, म्हणून पहिला मान त्याला. मग सगळे रूट झाले. जामखेड झालं, पाथर्डी झालं, शिर्डीला गुरुवार धरून पोचले. गल्लीतली माणसं दूध आणायला जाताना फळा वाचायची. "काका, आज कुठवर?" "राहुरी सोडली." रस्त्यांची अंतरं मात्र सगळी त्यांच्या नोकरीच्या काळातली. मी एकदा म्हटलं, काका, आता रस्ता रुंद झालाय, घाट बराच कापलाय. तर म्हणाले, "तुमचा कापला असंल. माझा हाय तिथंच हाय." आणि घाट आला की ते खरंच सायकलचा नॉब पिळून घट्ट करायचे, कण्हत कण्हत चढायचे आणि उतारावर सैल सोडून पाय नुसते फिरवायचे. शेऱ्यात नेहमी 'वेळेवर'. वेळेवर म्हणजे नक्की कशाच्या मानानं, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

एवढी मेहनत करून तीन महिन्यांनी वजन केलं तर वाढलेलं. डॉक्टर चक्रावले. काकूंनी मग हळूच सांगितलं. गाडी पांढरीपुलाला पोचली की काकांना भेळ लागायची, कारण पांढरीपुलाला सगळे थांबून भेळ खातात. राहुरीला उसाचा रस. मुक्कामाच्या गावी ड्रायव्हर-कंडक्टरला पोटभर जेवण मिळतं, तेव्हा मुक्कामाच्या दिवशी दोन भाकरी जास्त. "अहो, पण तुम्ही तर हॉलमध्येच होता," डॉक्टर म्हणाले. "शरीरानं," काका म्हणाले. डॉक्टरांनी सगळे थांबे रद्द करून गाडी विनाथांबा केली, तेव्हा कुठं काटा खाली यायला लागला. काका महिनाभर डॉक्टरांवर रुसले होते.

त्या सायकलला एक खोड होती, अजून आहे. पाय थांबले की मीटर थोडा वेळ वाट बघतं, मग टुंई करून विझतं आणि त्या दिवसाचा सगळा आकडा शून्य होतो. म्हणजे गाडी परत आधीच्या मुक्कामी. त्यामुळं एकदा शिट्टी झाली की काका काही केल्या पाय थांबवत नसत. एकदा काकू देवळात गेलेल्या, आणि भिंतीपलीकडून काकांची बोंब, "बाई! ओ बाई! पळा!" मला वाटलं, झालं, काकांना काहीतरी झालं. पोळपाटावरची पोळी तशीच टाकून पळत गेले. बघते तर काका सायकलवर लालेलाल, घामाघूम, आणि ओट्यावर दूध उतू जाऊन खाली ओघळ आलेला. मी गॅस बंद केला. म्हटलं, "काका, चार पावलांवर तर आहे गॅस! उतरायचं ना!"

"इमामपूर घाट चाललाय, बाई," ते पेडल मारत म्हणाले. "घाटात गाडी थांबत नसते."

मी फडकं घेऊन ओटा पुसला. दुसरं करणार काय?

या घाटाच्या रूटवर काका सगळ्यात जास्त जायचे. शेंडी, जेऊर, घाट, पांढरीपूल, घोडेगाव आणि पुढं सरळ नेवासा. मग परत तोच रस्ता. दुसरे रूट एकदा-दोनदा झाले की संपायचे, हा मात्र सारखा. घोडेगावला डावीकडं फाटा फुटतो तो शनिशिंगणापूरला जातो. लांबलांबून माणसं तिथं दर्शनाला येतात. काका त्या फाट्यापर्यंत यायचे आणि सरळ निघून जायचे. एकदा सहज मी फळा वाचता वाचता म्हटलं, "काका, सगळे देव झाले तुमचे. शनिमहाराजांनी काय घोडं मारलंय? फाट्यावरून एवढंसं तर आहे."

काकांनी खडू ठेवला आणि आत गेले. काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं.

शिंगणापुरात काकांची थोरली बहीण होती. चंद्रभागा नाव, सगळे आक्का म्हणायचे. तिच्या घरच्यांचं तिथं तेल आणि रुईच्या माळांचं दुकान. काकांची आई मिरजगावला अंथरुणाला खिळलेली होती तेव्हाची गोष्ट. "चंद्राला बोलवा," एवढंच ती म्हणत होती. निरोप पोचला तशी आक्का कडेवर पोर घेऊन निघाली. नगरला उतरून तिला मिरजगावची गाडी धरायची होती, आणि स्टँडवर त्या वेळी ड्युटीला तिचा सख्खा भाऊ. गाडी लागलेली. आक्का पिशवी सावरत लांबून पळत येताना दिसली. कंडक्टरनं ओळखलं, म्हणाला, "साहेब, तुमच्या भगिनी येतायत वाटतं." काकांनी बघितलं. घड्याळ बघितलं. आणि शिट्टी मारली.

"माझ्या बहिणीसाठी थांबवायची, मग बाकीच्यांनी काय पाप केलंय?" हे त्यांचं तेव्हाचं म्हणणं. पुढची गाडी दुपारची होती. आक्का पोचली तेव्हा आईला अंगणात आणलेलं होतं. काका ड्युटी संपवून संध्याकाळी गेले, म्हणजे त्यांनाही आई भेटली नाहीच. ओट्यावर सगळ्या भावकीसमोर आक्का म्हणाली, "दत्तू, तुजी गाडी गेली ना येळंवर? मग झालं." त्यानंतर भाऊबीज बंद. राखी बंद. बोलणं बंद.

"आणि बाई," काकू आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "सांगू का तुम्हाला? ह्यांच्या उभ्या नोकरीत ह्यांच्या हातून वेळेवर सुटलेली गाडी मला तरी तेवढीच एक आठवती." त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले.

मला त्या दिवशी काकांचा भयंकर राग आला. दोन दिवस मी फळा वाचला नाही.

काकूंनी मात्र नणंदेशी नातं सोडलं नव्हतं. काका सायकलवर बसले की त्या मागच्या दारी जाऊन आक्कांना फोन लावायच्या. घर्रघर्रीत काकांना काही ऐकू यायचं नाही. सगळी खबर जायची. आज जेऊर, आज घाटात. "आज घोडेगावात हायेत, आक्का." मग पलीकडून काहीतरी विचारलं जायचं आणि काकू म्हणायच्या, "न्हाई. सरळच गेले." मी दोरीवरचे कपडे काढताना हे ऐकायचे. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. काकू त्यावर म्हणायच्या, "जिथं दारच न्हाई तिथं ह्यांना आत शिरता येईना. आता काय करायचं सांगा."

मग आक्का न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नगरलाच झालं. भिंगारहून दवाखाना किती लांब? रिक्षात बसायचं आणि उतरायचं. काकू डबा घेऊन निघाल्या, दारात थांबल्या, म्हणाल्या, "येता का?" काका सायकलवर चढत म्हणाले, "माझी ट्रिप हाय." त्या दिवशी त्यांनी ती सायकल अशी हाणली की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. शिट्टी नाही, काही नाही. आणि फळा कोरा.

संध्याकाळी मी भाजी द्यायच्या निमित्तानं गेले. काका खाली बसून सायकलला तेल घालत होते. मी तशी तोंडाची फटकळ. म्हटलं, "काका, म्हाताऱ्या बहिणीला भेटायला गेलात तर तुमची कुठली गाडी चुकणार होती?"

त्यांनी वर बघितलंच नाही. मग स्टँडवरची भाषा गेली आणि मिरजगावची आली. "भ्या वाटतं, बाई. जाऊन म्हनू काय तिला? तवा दोन मिनिटं थांबलो असतो तर काय आभाळ कोसळलं असतं? रोज तिथवर जातो. फाटा आला की पाय वळत न्हाईत."

"अहो, पण ती सायकल आहे काका, कुठंच गेलेली नाहीये!"

"म्हनूनच तर तेवढं तरी जातो," ते म्हणाले.

माझा राग तिथंच विरला. आक्कांची पंच्याहत्तरी उलटून गेलेली, त्यात हे हाड. हा माणूस असाच फाट्यापर्यंत जाऊन सरळ निघून जायचा, आणि एक दिवस वळायला पलीकडं कुणी उरायचंच नाही, याची मला धास्ती वाटायला लागली. काकूंना तर झोप लागत नव्हती. पण काकांना ओढून नेणं म्हणजे स्टँडची खिडकी उचलून नेण्यासारखं होतं. दिवाळी आली, भाऊबीज आली आणि गेली. काकांनी नवा शर्ट घातला आणि सायकलवर बसले. फळ्यावर घोडेगाव, आणि दुसऱ्या दिवशी परत नेवासा.

दिवाळीची सुट्टी अजून चालू होती. मी सकाळी लाडवाचा डबा रिकामा करत बसले होते. भिंतीपलीकडं शिट्टी झाली, घर्र घर्र सुरू झालं. फळ्यावर त्या दिवशी इमामपूर घाट होता, हे मी दूध घेताना वाचलं होतं. थोड्या वेळानं आवाज जड झाला, म्हणजे नॉब पिळला, घाट लागला. आणि मग एकदम आवाज थांबला.

मी दचकले. इतक्या दिवसांत तो आवाज असा मधेच कधी थांबला नव्हता, आणि घाटात तर नाहीच. दूध उतू गेलं तरी न थांबलेला माणूस. हातातला डबा टाकला आणि तशीच पळाले.

काका सायकलवरून उतरून उभे होते. धडधाकट. हाताला काय करावं कळत नव्हतं, म्हणून नुसता टॉवेल पिळत होते. आणि उंबऱ्यात वॉकर धरून एक म्हातारी उभी. सुरकुतलेली, बारीक, हिरवं इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेजारी काकू, त्यांच्या हातात पिशवी. आक्का येणार हे त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"थांबवलीस व्हय रे गाडी?" म्हातारी म्हणाली.

काकांनी नुसती मान हलवली.

"घाटात?"

"व्हय."

"सिंधू मला रोज सांगती. फाट्यापत्तुर येतो आन् सरळ जातो. लई दिस वाट बघितली. मग म्हनलं, ह्याची गाडी काय वळायची न्हाई. आपनच जावं."

काकांनी वॉकरकडं बघितलं. "आक्का, अशा पायानं आलीस कशी?"

"एस्टीनं. नातवानं फाट्यावर सोडलं. आता मला पळता येतंय व्हय? मी पोचले तवा गाडीची येळ कवाच टळली हुती." आक्का थांबल्या, दम खाल्ला. "पन गाडीच आली न्हवती. लेट हुती. म्हनून घावली मला."

झालं. काका मटकन खाली बसले, सायकलच्या पायाशी, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "चुकलं माजं, आक्का. चुकलं." आक्का वॉकर पुढं टाकत टाकत त्यांच्यापर्यंत गेल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानंच त्यांच्या टकलावर हात ठेवला. "आय काय थांबनार न्हवती दत्तू, ते मला ठावं हाय. पन मी तिला डोळं भरून बघितलं असतं रे." आणि मग त्याही रडल्या, काकूही रडल्या, आणि मी कशाला मागे राहते.

तेवढ्यात टुंई झालं. मीटर विझलं. काकूंनी सवयीनं घाबरून काकांकडं बघितलं. काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी मी फेरी मारून आले तेव्हा ते दोघं भाऊबहीण फाटकापाशी होते. आक्का खुर्चीत, कपाळाला नव्यानं लावलेलं कुंकू. काकांच्याही कपाळावर ओवाळल्याचा टिळा, तिथी कुठली का असेना. काका फळ्यापुढं खडू घेऊन उभे होते. सकाळचं पुसलं. रकान्यांत हळूहळू लिहिलं. शेऱ्यापाशी आल्यावर खडू बराच वेळ तसाच धरून ठेवला, मग लिहिलं आणि हात झटकत बाजूला झाले.

आक्कांना वाचता येत नव्हतं. मला बघून त्यांनी हाक मारली. "ये गं बाई. काय लिवलंय बघ ह्यानं."

मी वाचून दाखवलं. "शिंगणापूर ते भिंगार. पोचली. शेरा, उशिरा."

आक्कांनी भावाकडं एकदा नीट बघून घेतलं.

"एकदाचं खरं लिवलं मुडद्यानं," त्या म्हणाल्या.